सैरंध्रीचे हात : सूडकथेतील राणी आणि दासी

२०१८ साली चीनमध्ये प्रदर्शित झालेल्या ‘येनशी राजवाड्याची कथा’ ह्या सत्तर भागांच्या मालिकेची नायिका वेई यिंगल्वो ही अठराव्या शतकातील छियेनलोंग सम्राटाच्या राजवाड्यात भरतकाम करणारी दासी म्हणून दाखल होते. तिच्या थोरल्या बहिणीने ह्याच राजवाड्यात चाकरी केली होती आणि तिचा मृत्यू संशयास्पद रीतीने झाला आहे. धाकटीला त्या मृत्यूचा जाब हवा आहे. त्याआधी २०११ साली आलेल्या शहात्तर भागांच्या मालिकेत जेन ह्वान ही अन्यायाने होरपळलेली उपपत्नी राजवाड्याबाहेर जाऊन पुन्हा अंतःपुरात परतते आणि एकेकाचा हिशेब चुकता करते. ह्या मालिका चीनबाहेरही आवडीने पाहिल्या गेल्या. त्यांच्या लोकप्रियतेचे जे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते ते असे, की ज्यांना प्रत्यक्ष जगण्यात अपमानाची परतफेड करता येत नाही त्यांना ती पडद्यावर झालेली पाहून समाधान लाभते. हे खोटे नाही; परंतु ते अपुरे आहे. ते कोणत्याही सूडकथेला लागू पडते. सूड घेणारी स्त्रीच का, ती बहुधा दासी किंवा दासीच्या पायरीवर आणलेली का, सुडाची जागा रणांगण नसून राजवाड्याचा आतला भाग का, आणि मुख्य म्हणजे एका कृतीसाठी सत्तर भागांचा विस्तार श्रोत्याला का हवासा वाटतो, ह्या प्रश्नांना ते स्पर्शही करीत नाही. सूडकथेत प्रत्यक्ष सूड फार थोडा असतो. उरलेला सारा विस्तार अपमान लक्षात ठेवण्याचा, वाट पाहण्याचा आणि आपले म्हणणे ऐकणारा कोणीतरी शोधण्याचा असतो.

मराठीला ही कथा परकी नाही. राजवाड्यात चाकरी करणारी, तेथे अपमानित झालेली आणि त्या अपमानाची परतफेड घडवून आणणारी स्त्री मराठी श्रोत्यांनी शतकानुशतके ऐकली आहे, ती विराटाच्या घरच्या सैरंध्रीच्या रूपाने. तिच्याच शेजारी आणखी एक दासी उभी आहे. ती परभणी जिल्ह्यातल्या गंगाखेडची जनाबाई. तिच्यावर राजाच्या नव्हे, देवाच्या घरी चोरीचा आळ आला. पहिली दासीच्या वेषातील राणी आहे. दुसरी खरोखरीची दासी. ह्या दोघींच्या कथा एकमेकींशेजारी ठेवल्या म्हणजे मराठी कल्पनाविश्वाने सुडाचा अधिकार कोणाला दिला आणि कोणाला नाकारला हे दिसू लागते.

विराटपर्वाची संहिता ह्या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखी आहे. अज्ञातवासाच्या वर्षी द्रौपदी सुदेष्णेच्या दारी येते तेव्हा राणीला प्रथम भीती वाटते ती हिच्या रूपाची. तुला घरात घेणे म्हणजे खेकडीने स्वतःच्या मरणासाठी गर्भ धरण्यासारखे आहे, अशा आशयाचे ती बोलते. अंतःपुराचे राजकारण पहिल्याच भेटीत सुरू होते. सैरंध्रीही आपल्या अटी घालते : उष्टे खाणार नाही, कोणाचे पाय धुणार नाही. दासीपणातही एक रेषा ती आखून घेते, आणि पुढचे सारे नाट्य त्या रेषेवरच घडते. सुदेष्णेचा भाऊ कीचक तिची अभिलाषा धरतो. तेव्हा तिला मद्य आणण्याच्या निमित्ताने त्याच्या महालात पाठविते ती सुदेष्णाच. स्त्रीचे स्त्रीवरील हे दडपण कथेचे गौण अंग नाही. राजवाड्यात सत्ता कोणकोणत्या हातांतून वाहते ह्याचे ते चित्र आहे. सैरंध्री निसटून राजसभेकडे धावते. कीचक भर सभेत तिला लाथ मारतो. विराट काही करीत नाही. कंक झालेला युधिष्ठिर तिला आत जाण्यास सांगतो. ऐकणारे सर्व तेथे आहेत, पण कोणी ऐकत नाही.

त्या रात्री ती उठते आणि स्वयंपाकघरात बल्लव होऊन राहिलेल्या भीमाकडे जाते. हा प्रसंग ह्या पर्वाचा गाभा आहे. पाच पतींपैकी कोणाकडे जायचे हे ती ठरविते. धर्म सांगणाऱ्याकडे ती जात नाही, सर्वांत श्रेष्ठ धनुर्धराकडेही जात नाही. जो ऐकेल त्याच्याकडे जाते. भीमाला जागे करून ती जे बोलते त्यात कीचकाचा विषय थोडा आहे. युधिष्ठिराचे जुगारीपण, अर्जुनाने अंतःपुरात नाच शिकविणे, नकुलाचे घोडे, सहदेवाच्या गाई, अशी ती एकेकाची अवस्था मांडीत जाते. आणि मग आपले हात पुढे करते. कुंतीखेरीज कोणासाठीही जिने कधी उटणे वाटले नव्हते ती आता राणीसाठी चंदन उगाळते आहे. त्या हातांना घट्टे पडले आहेत. भीम ते हात आपल्या तोंडावर घेतो आणि रडतो. कीचक दुसऱ्या सूर्योदयापर्यंत जगला तर आपण विष घेऊ, असे ती सांगते ते ह्याच बोलण्यात.

येथे थोडे थांबणे आवश्यक आहे. लाथ हा अपमान सर्वांना दिसला होता. घट्टे कोणाला दिसले नव्हते. सुडाची मागणी करताना द्रौपदी पुरावा म्हणून जे पुढे करते ते एका घटनेची जखम नसून रोजच्या कष्टाची खूण आहे. कीचकाने केले ते पाप आहे. सुदेष्णेच्या घरी चंदन उगाळणे हे पाप नाही, ती चाकरी आहे. तरीही तिच्या मनात दोन्ही एकाच हिशेबात मांडलेली आहेत. सूडकथेला एक वैरी लागतो, कारण मारता येण्याजोगे काहीतरी असावे लागते. पण ऐकणाऱ्याचे मन ज्याने हलते ते बहुधा वैऱ्याच्या मृत्यूने भरून येण्याजोगे नसते. ही विसंगती विराटपर्वाने लपविलेली नाही.

पुढचा बेत दोघांचा आहे. रात्री ओस पडणारी नृत्यशाला भीम सुचवितो. कीचकाला तेथे एकटे, कोणाला न कळवता, यावयास लावण्याचे काम सैरंध्री करते. वध झाल्यावर पहारेकऱ्यांना बोलावून प्रेत दाखविणारी तीच आहे. माझ्या गंधर्व पतींनी ह्याला मारले, ही कथाही तीच रचून ठेवते. अज्ञातवास मोडू न देता परतफेड करावयाची हा पेच तिने सोडविला आहे. भीमाच्या बाहुबळाने तो सुटला नसता. ‘स्त्रीने प्रतिज्ञा करावी आणि पुरुषाने ती पुरी करावी’ हे द्रौपदीच्या कथेचे जे सूत्र आपल्या अंगवळणी पडले आहे ते ह्या पर्वाला लागू करता येत नाही.

ते सूत्र आले ते दुसरीकडून. सभापर्वात प्रतिज्ञा करतो तो भीम. मोकळे केस आणि रक्ताने माखलेल्या हातांनी त्यांची वेणी घालणे ही प्रतिमा भट्ट नारायणाच्या ‘वेणीसंहारा’ने रूढ केली, आणि त्या नाटकाला परशुरामतात्या गोडबोले ह्यांनी १८५७ साली मराठीत आणले. वेणीसंहारातील द्रौपदी प्रामुख्याने एक आठवण आहे. ती समोर असते म्हणून पुरुष विसरू शकत नाहीत. नाट्यशास्त्राने रौद्र रसाचा आश्रय म्हणून राक्षस, दानव आणि उद्धत पुरुष ह्यांची नावे घेतली आहेत. स्त्रीच्या क्रोधाला त्या यादीत जागा नाही. तिचा क्रोध रंगभूमीवर आला तर तो दुसऱ्या कोणाच्या क्रोधाचे उद्दीपन म्हणून, किंवा मग करुणात विरघळून.

कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवधा’चे यश आणि त्याची मर्यादा ही दोन्ही येथे आहेत. १९०७ साली हे नाटक रंगभूमीवर आले तेव्हा बंगालची फाळणी होऊन गेली होती आणि सुरतेची फूट उंबरठ्यावर होती. कीचक म्हणजे कर्झन, सैरंध्री म्हणजे भारतभूमी, युधिष्ठिर म्हणजे मवाळ, भीम म्हणजे जहाल, हे रूपक प्रेक्षकांना कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारला ते समजण्यास थोडा वेळ लागला. १९१० साली १८७६ च्या नाट्यप्रयोगविषयक कायद्याखाली नाटकावर बंदी आली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या व्हॅलेंटाइन चिरोल ह्यांच्या ‘इंडियन अनरेस्ट’ ह्या पुस्तकात ह्या प्रयोगाचे एक वर्णन आहे. ते इंग्रजाच्या नजरेतून केलेले आणि वैरभावाने भरलेले असले तरी मराठी प्रेक्षागृहाविषयीचा तो एक दुर्मीळ दस्तऐवज आहे. त्यानुसार कीचकाचे वर्तन पाहताना पुरुषांचे चेहरे ताणलेले आणि कपाळाला आठ्या पडलेल्या असत. सैरंध्रीच्या विनवण्या ऐकताना ब्राह्मण स्त्रियांचे डोळे चमकत. युधिष्ठिराच्या नेभळटपणाविषयी तिरस्कार आणि भीमाविषयी कौतुक उमटे. आणि अखेर जुलमी कीचक मेला की समाधानाचा एक खोल हुंकार ऐकू येई.

ह्या वर्णनाकडे आजवर राष्ट्रीय चळवळीच्या इतिहासाचे साधन म्हणून पाहिले गेले. ग्रहणाचा इतिहास म्हणून ते वाचले तर त्यातील वाटणी लक्षात येते. पुरुषांच्या वाट्याला रौद्र, स्त्रियांच्या वाट्याला अश्रू. इंग्रज निरीक्षकाला नाट्यशास्त्र ठाऊक असण्याचे कारण नाही, पण प्रेक्षागृह त्याला त्याच विभागणीत दिसले. चमकणारे डोळे केवळ करुणेचेच होते असे त्याने गृहीत धरले. त्या स्त्रियांना देशाच्या अपमानाखेरीज दुसरा कोणता अपमान आठवत असेल काय, कोणाच्या घरची लाथ, कोणत्या सभेतले मौन, हा प्रश्न त्याच्या मनात आला नाही. मराठी नाट्यसमीक्षेच्याही मनात तो फारसा आला नाही. एकदा द्रौपदी म्हणजे देश हे समीकरण पक्के झाले की कीचकाचा गुन्हा परकी राज्यकर्त्याचा होतो, आणि घरचा कीचक सुटतो. रूपकाची किंमत येथे दिली गेली. घट्टे पडलेले हात भारतमातेचे झाले आणि चंदन उगाळणारी दासी दिसेनाशी झाली.

शिवाय रंगमंचावर स्त्री नव्हतीच. व्यावसायिक मराठी रंगभूमीवर त्या काळी सैरंध्री पुरुष नटच करीत, आणि खाडिलकरांच्या १९२० च्या ‘द्रौपदी’तही नायिका होते ते बालगंधर्व. प्रेक्षागृहातील स्त्री जिच्यासाठी रडत होती ती पुरुषाने घडविलेली स्त्रीची आकृती होती. १९२० सालीच कोल्हापुरात बाबूराव पेंटरांनी ‘सैरंध्री’ हा मूकपट केला. त्यात स्त्रियांनी भूमिका केल्या, ही त्या काळातील मोठी गोष्ट. परंतु चर्चा झाली ती कीचकाच्या शिरच्छेदाच्या दृश्याची. ते इतके खरे वाटले की नियंत्रकांनी ते कापावयास लावले. १९३३ मध्ये प्रभातने पुन्हा ‘सैरंध्री’ काढला, आणि त्याची आठवण राहिली ती जर्मनीत केलेल्या रंगप्रक्रियेच्या फसलेल्या प्रयोगामुळे. तंत्राच्या प्रत्येक नव्या टप्प्यावर मराठी माणसाला सैरंध्रीच का आठवली ह्याचे उत्तर बहुधा वधात आहे, सैरंध्रीत नाही.

बेत करणारी स्त्री मराठी रंगभूमीने रंगविलीच नाही असे नाही. तिने तिला आनंदीबाई हे नाव दिले. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा शनिवारवाड्यात खून झाला. पत्रातील ‘ध’ चा ‘मा’ राघोबाच्या पत्नीने केला ही कथा इतिहासाच्या पुराव्यापेक्षा सांगण्याच्या सोयीवर अधिक उभी आहे. पण तिची पकड विलक्षण आहे. एका अक्षराने माणूस मारणारी बाई ! अंतःपुर, कागद, बुद्धी आणि वाट पाहण्याची तयारी, म्हणजे चिनी मालिकेच्या नायिकेची सारी शस्त्रे, मराठीत खलनायिकेच्या हाती गेली. नायिकेच्या हाती उरली ती विनवणी.

ह्या रंगभूमीचा विस्तार सांगली, पुणे, मुंबई, कोल्हापूर असा होता. परभणी १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होती. तेथील द्रौपदी वेगळ्या वाटेने आली. पोथीतून, कीर्तनातून आणि जात्यावरून. श्रीधराचा ‘पांडवप्रताप’ १७१२ मध्ये पूर्ण झाला, आणि चातुर्मासात घरोघरी, देवळोदेवळी वाचल्या जाणाऱ्या पोथ्यांत त्याने आपले स्थान पक्के केले. पोथीचे श्रवण नाटकासारखे नसते. ते दिवसेंदिवस चालते, मध्येच उठून दूध उतू जाते का ते पाहता येते, पुढे काय होणार हे सर्वांना ठाऊक असते. मालिकेच्या प्रेक्षकाचे आणि पोथीच्या श्रोत्याचे नाते ह्या बाबतीत नाटकापेक्षा जवळचे आहे. कथेचा शेवट ठाऊक असूनही उद्या पुन्हा येऊन बसावेसे वाटते, कारण शेवट हा तेथे आकर्षणाचा विषयच नसतो. दूरदर्शनने २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत चौऱ्याण्णव भागांत ‘महाभारत’ दाखविले तेव्हा जे घडले त्याला नवलाई म्हणणाऱ्यांनी चातुर्मासाचा विचार करावयास हवा होता.

ह्या परंपरेच्या उगमाजवळ गंगाखेडची जनाबाई आहे. गोदावरीकाठच्या ह्या गावी शूद्र कुटुंबात जन्मून ती लहानपणीच पंढरपुरी नामदेवांच्या घरी आली. नामदेवांची म्हणून सांगितली जाणारी नरसी बामणी हीही पूर्वी परभणी जिल्ह्यात होती. १ मे १९९९ पासून ती हिंगोलीत गेली. जनाबाईच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत, आणि त्यांच्याखेरीज काही आख्याने आहेत. त्यांत ‘द्रौपदीस्वयंवर’ आणि ‘थाळीपाक’ येतात. सतराव्या शतकात मुक्तेश्वराने मराठीत भारत रचले. त्याच्या उपलब्ध पाच पर्वांत विराटपर्व आहे. त्याला ह्या आख्यानांची प्रेरणा असल्याचे परंपरा सांगते. जनाबाईच्या नावावरील सर्व रचना एकाच स्त्रीच्या आहेत काय हा वाद येथे बाजूस ठेवावा. गंगाखेडच्या दासीच्या नावाने द्रौपदी सांगितली जावी असे परंपरेला वाटले, एवढेच पुरेसे बोलके आहे.

आता त्या द्रौपदीचा निवडलेला प्रसंग पाहावा. थाळीपाकात दुर्वास शिष्यांसह अवेळी येतो, द्रौपदीचे जेवण झालेले असते, सूर्याने दिलेली थाळी रिकामी आहे. ती कृष्णाला हाक मारते. कृष्ण थाळीच्या कडेला चिकटलेले भाजीचे पान खातो आणि नदीवर स्नान करणारे सारे ऋषी तृप्त होतात. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीने हा प्रसंग मूळ संहितेत घेतलेला नाही. वस्त्रहरणात कृष्णाचा धावाही तिने बाहेर ठेवला. पाठचिकित्सेचे ते काम निर्दोष असेल. परंतु ज्या जागा भांडारकरांच्या अभ्यासकांना प्रक्षिप्त वाटल्या नेमक्या त्याच जागी मराठी स्त्रियांनी द्रौपदीला आपले मानले. कृष्णाच्या कापलेल्या बोटाला भरजरी वस्त्राची चिंधी फाडून बांधणारी द्रौपदी ही कथाही त्यांचीच. ह्या द्रौपदीला सूड नको आहे. तिला हाकेला ओ देणारा कोणी हवा आहे, आणि तोही स्वयंपाकघरात.

जनाबाईच्या स्वतःच्या कथेत हेच सूत्र टोकाला जाते. महिपतीने १७६२ च्या ‘भक्तविजया’त सांगितलेली पदकाची कथा सर्वश्रुत आहे. विठ्ठल जनीच्या घरी दळू लागला, निघताना घाईत आपले पदक विसरला आणि तिची वाकळ पांघरून गेला. सकाळी पदक नाही. आळ आला तो दासीवर. तिला चंद्रभागेच्या वाळवंटात सुळावर देण्यासाठी नेले आणि सुळाचे पाणी झाले. राजवाड्याच्या मालिकांचा हा हुकमी प्रसंग आहे : दागिना नाहीसा होतो, दासीच्या खोपटात सापडतो, तिचे कोणी ऐकत नाही. चिनी नाटककार ग्वान हानछिंग ह्याने तेराव्या शतकात लिहिलेल्या ‘दोऊ अ’च्या नाटकातही निरपराध तरुण विधवेवर खुनाचा आळ येतो. तेथे सूळ पाण्याचा होत नाही. तिचा शिरच्छेद होतो, भर उन्हाळ्यात बर्फ पडते, तीन वर्षे अवर्षण येते, आणि अखेर तिचे भूत न्यायाधीश झालेल्या आपल्या बापापुढे उभे राहून खटला पुन्हा चालवावयास लावते. अपराध्यांना शिक्षा होते. दोऊ अच्या कथेत अन्यायाची नोंद होते. जनीच्या कथेत अन्याय घडतच नाही, घडता घडता टळतो. आळ घेणाऱ्यांचे पुढे काय झाले हे भक्तिकथेला महत्त्वाचे वाटत नाही.

ह्याचा अर्थ जनी रागावत नाही असा मात्र नाही. तिच्या अभंगांत विठ्ठलाला शिव्या आहेत, आणि त्या लटक्या नाहीत. सुवासिनीच्या सौभाग्यावर जाणाऱ्या शिव्या गल्लीतल्या भांडणात द्याव्यात तशा ती देवाला देते. नाट्यशास्त्राने स्त्रीला नाकारलेला क्रोध येथे पूर्ण जागा घेतो. पण त्याचा रोख वैऱ्याकडे नसून जो ऐकू शकतो त्याच्याकडे आहे. मध्यरात्री भीमाला हलवून उठविणारी द्रौपदी आणि विठ्ठलाला शिव्या देणारी जनी ह्यांची वृत्ती एक आहे. भेद पुढच्या कृतीत आहे. भीम हातांचे घट्टे पाहून रडतो आणि नंतर मारावयास जातो. विठ्ठल जात्याचा खुंटा धरतो. एकाने अपमानाची परतफेड केली, दुसऱ्याने काम वाटून घेतले. विराटपर्वात कीचक मेल्यावरही चंदन सैरंध्रीनेच उगाळायचे आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे जनाबाईच्या कथेने निवडलेला उपाय केवळ भाबडा म्हणता येत नाही.

तरीही त्यातील उणीव झाकून चालणार नाही. सैरंध्रीला सूड मिळतो, कारण ती खरी सैरंध्री नाही. तिला पाच पती आहेत, राज्य परत मिळावयाचे आहे, दासीपणाला तेराव्या वर्षाची मुदत आहे. जनीच्या दासीपणाला मुदत नाही, तिच्यामागे गंधर्व नाहीत. परंपरेने तिला चमत्कार दिला, न्याय दिला नाही. सुडाचा अधिकार राणीचा, क्षमेचे पुण्य दासीचे, ही वाटणी रसांच्या वाटणीहून अधिक खोल आहे आणि ती जातीच्या उतरंडीशी जुळणारी आहे. आधुनिक मराठी साहित्यात ही वाटणी बाबूराव बागुलांनी उघडपणे मोडली. १९७० च्या त्यांच्या दीर्घकथेचे नावच ‘सूड’ आहे आणि तिच्या केंद्रस्थानी जानकी ही स्त्री आहे. पण तिचे वैर एखाद्या कीचकाशी राहत नाही, बाईपण लादणाऱ्या जगाशीच ते जाऊन भिडते. महाश्वेतादेवींच्या १९७८ च्या ‘द्रौपदी’ कथेतील आदिवासी दोपदी तर भीमाची वाटच पाहत नाही. वस्त्र परत घेण्यास नकार देऊन ती सेनानायकापुढे उभी राहते, आणि भीती त्याला वाटते. इरावती कर्व्यांना ‘युगान्ता’त सभेतील द्रौपदीचा प्रश्न ही तिची मोठी चूक वाटली होती. पंडितेसारखा वाद घालण्याची ती वेळ नव्हती, असा त्यांचा आक्षेप. कर्व्यांच्या निरीक्षणाची धार मान्य करूनही असे म्हणावे लागते, की प्रश्न विचारणाऱ्या द्रौपदीला चुकलेली ठरविले की विनवणारी तेवढी उरते.

चिनी मालिकेचे आकर्षण ह्या पार्श्वभूमीवर अधिक नेमके सांगता येते. चीनच्या कथापरंपरेत दासीच्या हातून सूड हा नवा नाही. ली गोंगज्वो ह्याने तांग काळात लिहिलेल्या कथेत श्ये श्याओअ ही बाप आणि नवरा ह्यांच्या मारेकऱ्यांच्या घरी पुरुषवेषाने चाकर म्हणून राहते, विश्वास मिळविते, संधी येताच एकाला स्वतः ठार करते आणि दुसऱ्याला पकडून देते. नंतर लग्नाची मागणी नाकारून भिक्षुणी होते. यिंगल्वो ही तिची दूरची नात आहे. ती राजवाड्याचे नियम वैऱ्यांपेक्षा चांगले जाणते. सुई, दोरा, सणांचे विधी, कोणी कोणापुढे किती वाकावे ह्याचे संकेत, हे सारे दासीचे ज्ञान तिच्या हाती शस्त्र होते. तिला भीम लागत नाही. घट्टे पडलेले हातच परतफेड करतात. मराठी प्रेक्षकाला ह्यात जे नवे वाटते ते रक्तपात नव्हे. आनंदीबाईची बुद्धी आणि सैरंध्रीचा न्याय्य पक्ष एकाच स्त्रीच्या ठिकाणी पाहावयास मिळणे, हे ते नवेपण आहे.

अर्थात ह्या दासीलाही किंमत द्यावी लागते. ती राजवाड्यातून बाहेर पडत नाही. ज्या घराने बहिणीचा बळी घेतला त्याच घराची ती बायको होते आणि पदांच्या पायऱ्या चढत जाते. इतिहासातील वेई घराण्याची ती उपपत्नी, जिचा मुलगा पुढे ज्याछिंग सम्राट झाला, तिच्या चरित्राचा सांगाडा मालिकेला तेथेच नेऊन ठेवतो. श्ये श्याओअची भिक्षुणीची वाट अठराव्या शतकातील राजवाड्याच्या कथेला उपलब्ध नव्हती. २०१९ च्या जानेवारीत बीजिंगच्या एका सरकारी वृत्तपत्राने अशा मालिकांवर कोरडे ओढले आणि काही वाहिन्यांनी त्यांचे पुनःप्रसारण थांबविले. आक्षेप होते ते चैनीचे, दरबारी कारस्थानांचे आणि सम्राटांच्या गौरवाचे. १९१० च्या मुंबई सरकारला कीचकाच्या मागे कोण आहे हे दिसले होते. शंभराहून अधिक वर्षांनी दुसऱ्या एका सत्तेला राजवाडा दिसला, दासी दिसली नाही.

विराटपर्वात कीचकाच्या मृत्यूने गोष्ट संपत नाही. त्याचे भाऊबंद सैरंध्रीला त्याच्या प्रेताबरोबर जाळण्यासाठी बांधून नेतात, भीम त्यांनाही मारतो, नगर भयभीत होते. ती राजवाड्याकडे परत येते तेव्हा लोक तिला पाहून पळतात. राजाच्या सांगण्यावरून सुदेष्णा तिला निघून जाण्यास सांगते. सैरंध्री रागावत नाही, उपकारही मागत नाही. आणखी तेरा दिवस राहू द्यावे, एवढेच ती म्हणते. सुदेष्णेला नाही म्हणण्याचे धैर्य होत नाही. ते तेरा दिवस सैरंध्री तिच्याच घरी राहते, आणि राणीसाठी चंदन कोण उगाळीत होते हे पर्व सांगत नाही.